पायऱ्या आणि उड्या

बिनाका गीतमालेची पायदाने ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीला गाणे पायरीपायरीने चढते, एवढेच ठाऊक. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या यादीत मात्र ४ एप्रिल १९६४ रोजी बीटल्सचे ‘कान्ट बाय मी लव्ह’ २७ वरून थेट पहिले आले. हा विक्रम २००२ पर्यंत टिकला; केली क्लार्कसनच्या गाण्याने ५२ वरून शिखर गाठले. २००९ मध्ये तिच्याच दुसऱ्या गाण्याने ९७ वरून उडी घेतली. रसिक एवढे उतावीळ झाले काय? नव्हे, मोजणी बदलली. पूर्वी दुकानदारांनी सांगितलेला खप धरीत; १९९१ पासून विक्रीची यंत्रनोंद आली, २००५ पासून इंटरनेटवरील विक्रीही मोजली गेली. आकडा जितका लोकांचा, तितकाच मोजणाऱ्याचा. जनगणनेत मातृभाषेचा रकाना जपून भरणाऱ्या आपल्या सीमाभागाला हे वेगळे सांगावयास नको.