धुळीतला श्रीगणेशा

दसऱ्याला मांडलेल्या पाटीवरची हळद पुसली जाते न जाते तोच दिवाळी दारात येते. यंदाही आमच्या घरी पाटी मांडली होती. पाटीवर एकाच्या आकड्यांची नक्षी काढून केलेली सरस्वती, तिच्यावर झेंडूचे फूल, बाजूला आपट्याची पाने. घरातील सर्वांत धाकटे माणूस पाच वर्षांचे. त्याच्या आईबापांनी त्याला दोन वर्षे घरीच शिकवायचे ठरविले आहे. मला विचारण्यात आले, "आजोबा, घरच्या शाळेचा पहिला दिवस म्हणजे नेमके करायचे काय? शाळेत निदान घंटा तरी वाजते!"

प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर देता देता मला आमचे मुरूम आठवले, १९४८ सालचा दसरा आठवला, आणि मग जे वाचनात आले होते तेही एकामागून एक आठवत गेले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

मुरूम हे आमचे गाव उमरगे तालुक्यातले. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, २०२३ पासून कागदोपत्रीही धाराशिव. गावाचे नाव सांगितले की पुण्यामुंबईकडचे लोक हसून विचारतात, "म्हणजे रस्त्यावर टाकतात तो मुरूम का?" आम्ही हो म्हणतो, वाद घालण्यात अर्थ नसतो. कानडी मुलूख इतका जवळ की बाजारात भाव मराठीत विचारावा आणि घासाघीस कानडीत ऐकावी. त्यावर निजामाचे राज्य, म्हणजे कचेरीत उर्दू. १८८० नंतरच्या दशकात हैदराबादच्या दरबाराने फारसी बाजूस सारून उर्दूला राजभाषेची गादी दिली. १९१८ साली उघडलेल्या उस्मानिया विद्यापीठाचे तर सगळे शिक्षणच उर्दूतून. शाळेला सुट्टी शुक्रवारी. फसली सालाच्या महिन्यांची बहमन, खुर्दाद, शहरेवर अशी नावे आमच्या वडिलांच्या तोंडी चैत्र-वैशाखाइतकीच सहज असत.

अशा मुलखात मराठी मुलाचे पहिले अक्षर बहुधा घरीच उमटे. पुढे शाळा मिळो वा न मिळो, पहिला दिवस घरचा. आपली भाषा शिकविणारी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सुखासुखी मिळत नसे. तरीही माणसे खटपट करीत. आमच्याच टापूत, आताच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला, १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ झालेले व्यंकटेश खेडगीकर याच शाळेत शिक्षक म्हणून आले, आणि तेथून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा हा सेनापती मुळात मुलांना शिकविणारा मास्तर होता, हे आम्हाला आमचे वडील मोठ्या अभिमानाने सांगत.

१९४८ च्या उन्हाळ्यात आमचे घर रझाकारांच्या भीतीने सोलापुरास गेले होते. सरहद्दीवरची कितीतरी कुटुंबे तशीच गेली होती. १३ सप्टेंबरला फौज सोलापुराहून निघाली. नळदुर्ग, उमरगा या आमच्याच वाटेने ती हैदराबादेकडे गेली आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. आम्ही गावी परतलो. महिना पुरता उलटला नव्हता तोच दसरा आला.

त्या महिन्याविषयी एक गोष्ट सणाच्या दिवशीही गाळून चालणार नाही. रझाकारांनी आधी जे केले ते केलेच; पण नंतर उट्टे काढले गेले ते पुष्कळदा निरपराध मुसलमान घरांवर. दिल्ली सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीस पाठविले. त्यांनी अधिक पोळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत गुलबर्गा, बीदर, नांदेड यांच्या जोडीला आमचा उस्मानाबादही होता. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. आमच्या गल्लीतले उर्दूचे मास्तर, ज्यांच्या हाताखाली माझे वडील शिकले, ते त्या दिवसांत बायकामुलांसह नातलगांकडे निघून गेले होते. जाताना आपल्या काही चीजवस्तू आमच्या ढाळजेत ठेवून गेले. शाळेचे दार बंद होते.

"शाळा बंद, तर सरस्वतीही बंद की काय?" असे म्हणून आजोबांनी कोपऱ्यातली धूळपाटी काढली.

धूळपाटी आजच्या मुलांनी पाहिलेली नसते, म्हणून सांगतो. हातभर लांबीची लाकडी फळी, कडेला पट्ट्या ठोकलेल्या, आणि त्यात वस्त्रगाळ केलेली धूळ किंवा विटेची पूड. गुरुजींनी बोटाने अक्षर काढायचे, मुलाने त्यावरून बोट फिरवायचे. हेच गिरवणे. चुकले की फळीला हलकासा हिसका द्यायचा. धूळ सपाट, चूक नाहीशी. कागद महाग, शाई महाग, आणि दगडी पाट्या खेड्यापाड्यांत पोचल्या त्या पुष्कळ उशिरा. धूळ मात्र देवाने फुकट दिलेली. म्हणून या संस्काराचे नावच धुळाक्षर पडले. मुलगा चांगला सरावला म्हणजे बोरू आणि कित्ता हाती येई, आणि मग मोडीची वळणे. अंकांच्या बाजूने पाढे, आणि पाढ्यांच्याही पुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनाचा पाढा घडाघडा म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. आता त्यांच्याकडे माझ्याखेरीज कोणी आश्चर्याने पाहात नाही, कारण ती माणसेच राहिली नाहीत.

ही रीत किती जुनी? कौटिल्याने अर्थशास्त्रात राजपुत्राविषयी लिहिले आहे, की चौल झाल्यावर त्याने लिपी आणि गणना शिकावी. कालिदासाचा रघूही चौलानंतरच अक्षरे शिकतो, आणि नदीच्या मुखातून समुद्रात शिरावे तसा लिपीतून वाङ्मयात शिरतो. आपले जुने अंकगणित पाटीगणित म्हणून ओळखले जाई ते याच फळीवरून. मौज अशी की हेच अंक अरबांकडे गेले तेव्हा पश्चिमेकडच्या अरबांनी त्यांच्या एका वळणाला नाव दिले 'गुबार', म्हणजे धूळ. ज्या अंकांनी आज सारे जग हिशेब करते ते युरोपात पोचण्यापूर्वी अशा रीतीने धुळीतूनच चालत गेले.

धुळीची आणखी एक सफर सांगण्याजोगी आहे. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री मद्रासेस एग्मोरच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा मुख्य झाला. त्याने एका गावठी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले. मोठी मुले धाकट्यांना शिकवीत होती. त्याने ती युक्ती उचलली, आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तक छापले. पुढे इंग्लंडातल्या गोरगरिबांच्या शाळांत वाळूचे पाट आले आणि त्या पद्धतीस 'मद्रास पद्धती' हे नाव पडले. आमच्या पंतोजींना मात्र नवी शाळाखाती मागासलेले म्हणत राहिली! छडीच्या बाबतीत ते खरेही होते. पण धुळीच्या बाबतीत साहेब पंतोजीचा शिष्य होता, एवढे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

असो. दसऱ्याच्या सकाळी आजोबांनी ढाळज शेणाने सारवून घेतली. मला नवे टोपडे, कपाळी गंध. धूळपाटीच्या शेजारी वडिलांची दगडी पाटी, आजोबांचे पटवारगिरीच्या काळातले मोडी दप्तर, आणि त्यांच्याच रांगेत मास्तरांच्या ठेवीतली एक तख्ती. उर्दू शाळेतली ही लाकडी तख्ती. मुलतानी मातीचा हात देऊन वाळवायची, बोरूने लिहायचे, लिहून झाले की धुवायची. कोणीतरी म्हणाले, "आजच्या दिवशी ती कशाला?" आजोबा म्हणाले, "तुझ्या बापाचे अक्षर हिच्यावर वळले आहे," आणि तिलाही हळदकुंकू वाहिले. मास्तरांच्या घरी मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्ला म्हणवून त्याला अक्षरास बसवीत. समोरच्या लिंगायत घरी 'ॐ नमः शिवाय'ने आरंभ. आमच्याकडे 'श्रीगणेशाय नमः'. आणि या सर्वांहून जुना जो 'ओनामा', तो 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलाचा बोबडा अवतार. जैनांच्या पाठशाळांत हे मंगल विशेष रुजलेले, आणि आज कोणत्याही धर्माचा मराठी माणूस नकळत त्याचाच उच्चार करतो.

माझे बोट आजोबांच्या मुठीत. 'श्री' अर्धा झाला असेल, तोच धुळीवर टप्पकन खडीसाखरेचा खडा पडला. मी वर पाहिले. माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून निळे आभाळ दिसत होते. "सरस्वती प्रसन्न झाली रे," आजोबा गंभीरपणे म्हणाले. 'ग' संपला, दुसरा खडा. 'णे'ला खोबऱ्याचा तुकडा. त्या दिवशी मी उठायलाच तयार नव्हतो. धाकटे काका माळवदावर पालथे पडून हे करीत होते, हे मला दहाव्या वर्षी कळले, आणि खरे सांगतो, वाईट वाटले.

पुष्कळ वर्षांनी वाचले, की पूर्व युरोपातल्या यहुदी घरांत मूल पहिल्यांदा अक्षरास बसले म्हणजे त्याच्या डोक्यावरून नाणे टाकीत आणि ते देवदूताने टाकले असे सांगत. त्याहून जुन्या काळी तेच लोक पाटीवरच्या अक्षरांना मध लावून मुलाला चाटावयास देत. जर्मनीत, सॅक्सनी आणि थुरिंगियाकडे, एकोणिसाव्या शतकात पहिल्या दिवसासाठी खाऊने भरलेला कागदी शंकू निघाला. तो तेथे अजून चालतो. केरळात विजयादशमीलाच मुलाचे बोट तांदळात फिरवितात, बंगाल्यात सरस्वतीपूजेला खडू हाती देतात. अक्षराची पहिली चव गोड असावी हे आमच्या काकांना कोणी पुस्तकातून सांगितलेले नव्हते.

आता अक्काची गोष्ट. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला कोणी धूळपाटीवर बसविले नव्हते. तिच्याकडे काम होते ते फळी हलवून धूळ सपाट करण्याचे. ती माझ्या समोर बसे, म्हणजे अक्षरे तिला उलटी दिसत. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी आजोबा बाहेरून आले तो ही एकटी धुळीत 'मुरूम' लिहून बसलेली, आणि तेही उलट्या बाजूने, म्हणजे समोर बसणाऱ्याला सुलटे दिसेल असे! आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला माझ्या शेजारी पाट मिळाला.

घरच्या शाळेने किती बायकांना तारले आहे याचा हिशेब कोणी मांडला पाहिजे. पंडिता रमाबाईंना पहाटे घरकामाच्या आधी संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने, रानातल्या बिऱ्हाडी. सावित्रीबाईंची पहिली अक्षरे जोतीरावांच्या हातची, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली. रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ सालचे. माधवरावांनी लगेच शिकवणे सुरू केले आणि घरातल्या बायकांनी छळणे. तरी १९१० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या त्याच्या मागेही गोपाळरावांची घरची, पुष्कळदा कठोर, शिकवणी होती. पण हेही म्हणावे लागते की जी शाळा घरच्या कोणाच्या मर्जीवर उघडते ती मर्जीवर मिटतेही.

अक्काची तशीच मिटली. पुढच्या वर्षी गावातली शाळा पुन्हा भरू लागली. मास्तरही परत आले. तख्ती घेऊन गेले, तिच्यावरचे कुंकू पाहून उंबऱ्यात जरा थांबले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून चालू लागले. मी शाळेत गेलो. अक्काचे हात स्वयंपाकघरात हवे होते. तिने विचारले नाही आणि कोणी तिला विचारले नाही. मीही नाही. दोन-तीनदा दप्तर उघडून तिने माझे पुस्तक चाळलेले मी पाहिले होते, आणि पान दुमडले म्हणून तिच्यावर ओरडलोही होतो. पाच-सहा वर्षांच्या पोराला काय कळते, असे लोक म्हणतात. मला कळत होते.

यंदाच्या दसऱ्याला मी नातवाला सांगून एक फळी करवून घेतली. धूळ कुठली आणायची? गावाकडून येणाऱ्याला पिशवीभर मुरूम आणायला सांगितला. खलबत्त्यात कुटून चाळला तर सुरेख तांबूस पूड झाली. खडीसाखर टाकायला माळवद नव्हते, म्हणून एकाला शिडीवर चढवून छताच्या पंख्याशी बसविले, पंखा अर्थातच बंद करून. पोराने दोन खड्यांतच वर पाहून चोर पकडला आणि तो स्वतःच शिडीवर चढून बसला. मग खाली बोट फिरवायला आणि वरून खडे झेलायला घरातली मोठी माणसे रांग लावून बसली. वेळापत्रक, वह्या, रंगपेट्या दुपारी निघाल्या.

अक्का आली होती. पंच्याऐंशी उलटली आहे, गुडघे धरतात. तिला खुर्ची दिली आणि फळी मांडीवर ठेवली. तिने आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली. मोडी लिहिणारे असेच करीत: रेघ आधी, अक्षरे मागाहून तिला टांगायची. आजोबांची सवय. मग रेघेखाली सावकाश आपले नाव लिहिले, माहेरचे. पोरगे हिसका द्यायला पुढे झाले, तशी तिने फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाली, "थांब, वाळू दे थोडे."