अतितापन, ॲल्युमिनियम इंजिनांचे

इंजिनातील शीतनद्रव (कूलंट) उकळून किंवा गळून गेल्यावर ॲल्युमिनियमचे हेड व ब्लॉक वाकणे, हेड गॅस्केट फुटणे आणि पुढे तेलात पाणी उतरणे, ही विकारांची साखळी. ओतीव लोखंडाचे इंजिन अशी एखाद-दुसरी उकळी पचवते. ॲल्युमिनियमच्या इंजिनाला बहुधा एकच पुरते.

भारतात हा विकार भेटतो तो, उदाहरणार्थ, मारुती झेन (१९९३–२००६) आणि एस्टीम (१९९४–२००७) या मोटारींत. त्यांच्या पेट्रोल इंजिनांचे हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. प्रीमियर पद्मिनीचा ब्लॉक लोखंडी आणि फक्त हेड ॲल्युमिनियमचे होते. अमेरिकेत शेव्हरोले व्हेगाने (१९७० ते १९७७) याच्या नेमके उलट करून पाहिले. लोखंडी अस्तराविना ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि त्यावर लोखंडी हेड अशी तिची रचना होती, आणि अतितापनानेही ती गाडी बदनाम झाली.

दोष धातूचा नाही. इंजिनाला लागणारी ॲल्युमिनियमची मिश्रधातू लोखंडाच्या सुमारे तिप्पट उष्णता वाहून नेते, म्हणूनच ती निवडली जाते. पण तापल्यावर ती लोखंडाच्या दुप्पट फुगते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. पोलादी बोल्टांनी आवळलेल्या हेडला फुगायला जागा नसते. दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीत धातू जागच्या जागी दबतो आणि थंड झाल्यावर मूळ आकारात परतत नाही. हेडवर पोलादी सरळपट्टी आडवी ठेवून मागे दिवा धरला की मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसते. तिच्याखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर गेजची पाती शिरली, तर अशा अनेक इंजिनांच्या मापांप्रमाणे हेड मर्यादेबाहेर गेले. ही जाडी माणसाच्या केसाहूनही कमी आहे.

हा विकार स्थानिक परिस्थितीने कसा बळावतो याचे उदाहरण म्हणजे बेंगळूरूच्या दक्षिणेचा आनेकल तालुका. तो हवेने सौम्य आहे, आणि त्यामुळेच इथे गाफीलपणा होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर साधे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण आत ०.९ बार दाब धरून ठेवते, तेव्हा हीच मर्यादा ११७ अंशांच्या आसपास जाते. झाकणाचे रबर कडक झाले की ते वीस अंश हातचे जातात. बहुतेक मोटारींत विजेचा पंखा नव्वदीच्या पुढेच सुरू होतो, म्हणजे मग सावरायला वावच राहत नाही. तालुक्यातील होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा, चंदापूर, अत्तिबेले या टप्प्यात गाडी रांगेत सरपटते. समोरून वारा मिळत नाही, एसीचा कंडेन्सर रेडिएटरपुढे उष्णता ओततो आणि सगळा भार त्या एका पंख्यावर पडतो.

याहून मोठे कारण पाण्यात आहे. तालुक्यातील भूजलाचा उपसा मर्यादेपलीकडे गेला आहे, आणि खडकातून खोलवरून येणारे बोअरवेलचे पाणी जड असते. कूलंट कमी दिसला की तेच ओतले जाते. क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्या चोक करतो, क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडते आणि गॅस्केटखालचा काठ कुरतडला जातो. जुन्या गाडीत शुद्ध केलेले पाणी व योग्य कूलंट, आणि तो साधारण दर दोन वर्षांनी बदलणे, याला पर्याय नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा गॅरेजातला उपाय मात्र घातक आहे. त्याने इंजिन गरजेपेक्षा थंड चालून झिजते, आणि काही रचनांत बायपासची वाट उघडी राहून बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते. तापमानाच्या काट्यावरही पूर्ण विसंबू नये. पाणी निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असताना काटा खाली आलेला दिसतो. हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागणे ही त्याच क्षणाची खूण.

काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा आणि गाडी कडेला घ्यावी. वाफ दिसली तर इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, तापलेल्या इंजिनात वा इंजिनावर गार पाणी ओतू नये. नंतर तेलाच्या झाकणाखाली दुधट साय, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आढळला, तर गॅस्केट गेली असे धरून हेड उतरवावे.

दुरुस्तीत हेडचे फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ सपाट करून, नवी गॅस्केट बसवणे एवढेच बहुधा होते. ब्लॉकचा माथाही सरळपट्टीने तपासावा लागतो, कारण तो वाकलेला असेल तर सपाट हेडही पाणी धरत नाही. हेडची कठीणताही मोजून घ्यावी. मऊ पडलेले हेड वरून सपाट दिसते, पण बोल्ट आवळताना पुन्हा दबते. असे हेड फेसिंगला न देता बदलावे.