साडेतीन शहाण्यांतला अर्धा

चिपळूण तालुक्यातील पोफळी हे गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेले असून, कोकणातून देशावर, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावर, जाणारी एक जुनी वाट येथून चढून हेळवाकमार्गे पाटण आणि कऱ्हाडकडे जाते. कृष्णेच्या खोऱ्यातील कोयनेचे पाणी आज बोगद्यांतून याच गावाच्या वीजगृहाशी उतरते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते; अठराव्या शतकात मात्र ओघ उलटा, खालून वर होता, आणि तो माणसांचा होता. कोकणपट्टीतील लेखणीत आणि हिशेबात तरबेज असलेली घराणी निरनिराळ्या घाटांनी वर गेली आणि साताऱ्याच्या व पुण्याच्या दरबारांत स्थिरावली. मंडणगड तालुक्यातील वेळासचे भानू घराणे त्यांपैकीच, आणि पेशवाईच्या उत्तरार्धातील सर्वांत मोठे मुत्सद्दी नाना फडणवीस याच घराण्यातले.

त्यांचे पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू; जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. ‘फर्द’ या फारसी शब्दाचा अर्थ सुटा कागद किंवा हिशेबाचा ताव, आणि ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यावरून राज्याच्या जमाखर्चाचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यास फडणवीस म्हणत. ते पद नानांना वारशाने मिळाले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज मोडली तेव्हा ते एकोणीस वर्षांचेही झालेले नव्हते. अंगावरची वस्त्रे टाकून, गवतात लपत, पायी चालत ते त्या संहारातून निसटले, पण त्यांची आई त्या पळापळीत कायमची दुरावली. ही हकीकत त्यांनी आपल्या छोट्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि आपली भीती व असहायता न लपवता सांगणारे असे लेखन त्या काळात दुर्मीळच होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. तेव्हा नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी मंडळींनी एकत्र येऊन नारायणरावांच्या गर्भवती पत्नी गंगाबाई यांना पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवले. या मंडळाला बारभाई म्हणतात. पुष्कळांनी मिळून विस्कटलेल्या कामाला मराठीत आजही ‘बारभाई कारभार’ म्हटले जाते. मूळच्या बारभाईंनी मात्र तान्ह्या पेशव्याचे राज्य टिकवले, हे पाहता या वाक्प्रचाराने त्यांच्यावर अन्यायच केला आहे.

रघुनाथरावांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० जणांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून आली, तेव्हा तिच्यासोबत सामान वाहणारे १९,००० हून अधिक बैल होते. कुंभार्लीसारख्या घाटाखाली राहणाऱ्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही, कारण घाट चढून गेलेल्या फौजेचे पोट खालून येणाऱ्या रसदेवर अवलंबून असते. मराठ्यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळून शत्रूला आत येऊ दिले, वाटेवरची दाणावैरण नाहीशी केली आणि पिछाडी तोडली. तळेगाव ओस पडलेले पाहून इंग्रजांनी ११ जानेवारी १७७९ च्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली, परंतु वडगावला ते वेढले गेले आणि त्यांना करार करावा लागला. रणांगणावर महादजी शिंदे आणि हरिपंत फडके होते. नाना तलवार घेऊन लढणारे नव्हते.

याच उणिवेवरून लोकांनी त्यांचे मोजमाप केले. त्या काळातील साडेतीन शहाणे म्हणून जी नावे सांगितली जातात त्यांत पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, तर नाना अर्धे. कारण पूर्ण शहाणपणाला लोकांच्या लेखी लेखणीबरोबर तलवारही लागे. चीनमध्ये याच्या नेमके उलट घडले. तिसऱ्या शतकातील शू राज्याचा प्रधान झुगे लियांग (१८१ ते २३४) याच्यावरही मरणोन्मुख राजाने आपल्या कोवळ्या वारसाची जबाबदारी सोपवली होती, आणि त्यानेही राज्य वर्षानुवर्षे एकहाती चालवले; वीस फटक्यांहून अधिक शिक्षेची प्रकरणे तो जातीने तपासत असे, असे सांगतात. त्याच शतकातील इतिहासकार चेन शोउ याने त्याच्या कारभाराची मनापासून स्तुती केली, परंतु ऐन युद्धातली समयसूचकता हा त्याचा गुण नसावा, असेही नोंदवले. लोकपरंपरेने हा अभिप्राय बाजूला सारला. कथा, रंगभूमी आणि पुढे तीन राज्यांवरील प्रसिद्ध कादंबरी यांनी त्याला वाराही वळवणारा अजिंक्य सेनापती बनवले, आणि तीन सामान्य चर्मकारांची अक्कल एकत्र केली तर एक झुगे लियांग होतो, अशी म्हण तेथे रूढ झाली. चिनी लोकांनी कारभाऱ्याच्या हाती तलवार दिली. मराठी लोकांनी ती नसल्याची नोंद ठेवली. दुसरी रीत अधिक प्रामाणिक आहे, पण जमाखर्च, हेर आणि पत्रव्यवहार यांवर पाव शतक टिकलेली सत्ता तीत उणी मोजली जाते.

नानांच्या कारभारातला खरा दोष त्यांना तलवार येत नव्हती हा नव्हता, तर झुगेप्रमाणेच सारे सूत्र त्यांनी स्वतःच्या हाती ठेवले हा होता. सवाई माधवराव कडक देखरेखीखाली वाढले आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून मृत्यू पावले. पुढे दौलतराव शिंद्यांनी नानांनाच कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. १३ मार्च १८०० रोजी ते वारले. त्यांच्याबरोबर पुण्याच्या दरबारातील शहाणपण आणि संयम संपला, असे इंग्रज रेसिडेंट पामर याने कळवले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली.

त्यांची कीर्ती तेथे थांबली नाही. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९२ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला त्यांनी बांधलेल्या वाड्यातील दप्तर संशोधकांच्या हाती आले. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या १९७२ च्या नाटकाने त्यांना पुन्हा वादात ओढले. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले, हे आज अभ्यासकांबाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असते, आणि देवाजीपंतांचे नाव नागपूरच्या इतिहासाबाहेर फारसे निघत नाही. साडेतीनांची गणती करू लागले की पहिले नाव सुचते ते त्या अर्ध्याचे.