शर्मन कायदा आणि श्रमिक : अमेरिकेतील स्पर्धाविषयक कायद्याचा एक दुर्लक्षित अध्याय

मक्तेदारीविरोधी कायद्याच्या अभ्यासात वस्तूंच्या किमतींचा विचार जेवढा झाला, तेवढा मजुरीचा झाला नाही. वास्तविक मजुरी वाढू नये यासाठी मालकांमध्ये मूक संगनमत असते, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच नोंदविले होते. अमेरिकेत २ जुलै १८९० रोजी शर्मन कायदा संमत झाला, तेव्हा लोकांच्या रोषाचे लक्ष्य तेल, साखर आदी उद्योगांतील बलाढ्य ट्रस्ट हे होते. तथापि १८९३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संपकरी कामगारांविरुद्ध याच कायद्याखाली मनाईहुकूम निघाला. आणि देशातील साखर शुद्धीकरणाचा बहुतांश व्यवसाय हाती असलेला साखर ट्रस्ट १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सहीसलामत सुटला. हा विरोधाभास केवळ योगायोगाचा मानणे कठीण आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डॅनबरी येथील टोपी कारागिरांचे होय. कनेक्टिकट राज्यातील या गावी डी. ई. लोवे यांच्या कारखान्याने संघटनेला मान्यता नाकारली. १९०२ मध्ये संप झाला आणि पाठोपाठ देशभर त्या टोप्यांवर बहिष्कार पुकारण्यात आला. मालकाने शर्मन कायद्याखाली दावा लावला. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बहिष्कार आंतरराज्य व्यापारात अडथळा आणणारा ठरविला. कायद्यात तिप्पट नुकसानभरपाईची तरतूद होती, आणि तिचा भार संघटनेच्या तिजोरीपुरता मर्यादित राहिला नाही. सुमारे दोनशे कारागिरांची घरे व बँकांतील ठेवी जप्तीखाली आल्या. संघटनेच्या कार्यपद्धतीची कल्पना असूनही जे वर्गणी भरत राहिले, ते सामान्य सभासदही जबाबदार ठरतात, असा निर्णय १९१५ मध्ये झाला. ट्रस्टच्या भागधारकांवर असा प्रसंग कधी आला नाही!

दरम्यान १९१४ च्या क्लेटन कायद्याने मानवी श्रम ही क्रयवस्तू नव्हे, असे घोषित केले. कामगार नेते सॅम्युएल गॉम्पर्स यांनी त्याचे श्रमिकांचा 'मॅग्ना कार्टा' म्हणून स्वागत केले. परंतु १९२१ च्या डुप्लेक्स खटल्यात न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ इतका संकुचित लावला की, खरे संरक्षण मिळण्यास १९३२ चा नॉरिस-लागार्डिया कायदा यावा लागला.

मालकांच्या संगनमताचे काय? पॅसिफिक किनाऱ्यावरील जहाजमालकांच्या संघांनी खलाशांची भरती आपल्या कचेऱ्यांमार्फतच व्हावी आणि वेतनही संघानेच ठरवावे, अशी व्यवस्था केली होती. एका खलाशाच्या फिर्यादीवरून १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे संगनमत शर्मन कायद्याच्या कक्षेत येते, हे मान्य केले. म्हणजे तत्त्व प्रस्थापित झाले होते. उपयोग मात्र पुढे क्वचितच झाला.

२०१० मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ॲपल, गूगल, इंटेल आदी सहा कंपन्यांचे, परस्परांचे कर्मचारी न फोडण्याचे करार आक्षेपार्ह ठरविले. कर्मचाऱ्यांच्या सामूहिक दाव्यात २०१५ मध्ये चार कंपन्यांची ४१.५ कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली. दावेदार सुमारे ६४ हजार होते. निव्वळ मजुरी-निश्चितीबद्दल फौजदारी खटले भरले जातील, असे २०१६ मध्ये जाहीर झाले. तरीही २०२२ मध्ये टेक्सासमधील अशा खटल्यात ज्यूरीने आरोपींना या आरोपातून मुक्त केले. परिचारिकांचे वेतन संगनमताने ठरविल्याबद्दल ज्यूरीकडून पहिली दोषसिद्धी २०२५ मध्ये लास व्हेगास येथे झाली. तोवर शर्मन कायद्याला १३५ वर्षे होत आली होती.