वैनगंगाकाठची भोसलेशाही

पहिल्या रघूजी भोसल्यांचे नाव निघाले, की बंगालवरील स्वाऱ्या आणि 1740 साली दमलचेरीच्या घाटात रणांगणी पडलेला अर्काटचा नवाब दोस्त अली यांचेच स्मरण प्रथम होते. परंतु ज्या भंडाऱ्याचा मुलूख त्यांनी आपल्या दौलतीस जोडला, तेथील वाचकाने त्यांच्या तलवारीपेक्षा त्यांच्या राजकारणाचाच विचार अधिक अगत्याने केला पाहिजे.

देवगडचा गोंड राजा चांदसुलतान निवर्तल्यावर वलीशहाने गादी बळकावली, तेव्हा राणी रतनकुवर हिने वऱ्हाडातून रघूजींना साहाय्यार्थ पाचारण केले. वलीशहाचा पाडाव करून त्यांनी राणीच्या पुत्रांस राज्य मिळवून दिले आणि मोबदल्यादाखल त्यातला तिसरा हिस्सा घेतला. पुढे अकबरशहा आणि बुऱ्हाणशहा या भावांत कलह माजला, आणि 1743 साली बुऱ्हाणशहाचा पक्ष घेऊन आलेले सेनासाहेब सुभा रघूजी नागपुरासच ठाण मांडून राहिले. राणीच्या विश्वासाचा हा शेवट मनाला खटकल्यावाचून राहत नाही. मात्र सर्व सत्ता हाती आली असताही रघूजींनी बुऱ्हाणशहाला पदच्युत केले नाही. राजा हा किताब आणि उत्पन्नाचा वाटा त्याच्याकडे राहिला, इतकेच नव्हे, तर काही महसुली कागदांवर गोंड राजाचा शिक्का उमटणे आवश्यक मानले जाई. त्या शिक्क्याने गोंड प्रजेचे समाधान होई, आणि पेशव्यांशी वाद पडलाच, तर आपण गोंड राजाचे रक्षक आहोत, असे म्हणण्याची सोयही राही. रणात घडलेला पुरुष इतक्या सबुरीने राज्य करू शकतो, हे मला त्यांच्या कोणत्याही विजयाहून मोठे वाटते.

भंडाऱ्याच्या मुलखात तुमसरजवळचा आंबागड, जो देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याच्या अमदानीत राजाखान पठाणाने बांधला, तो भोसल्यांकडे आल्यावर कैदखाना झाला. भोसल्यांच्या कटक मोहिमेत चाकरी केलेल्या पोवारांना वैनगंगेच्या पश्चिमेस जमिनी मिळाल्या, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. बांध्या घालून, तळ्यांचे पाणी फिरवून धान पिकविण्यात त्यांचा हातखंडा.

बंगालच्या रयतेने सोसलेला जाच मात्र या कर्तृत्वाच्या हिशेबातून वगळता येणार नाही. 14 फेब्रुवारी 1755 रोजी रघूजी निवर्तले. 1853 साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले; बुऱ्हाणशहाचे वंशज त्यानंतरही नागपुरास सरकारी तनखा घेत राहिले.