कनहदास हिरण्यकार : एका धातुकाराच्या नावाचा शोध

चंद्रपूर-गडचिरोलीकडील कोणत्याही जुन्या घरात माळ्यावर पितळी भांडी निघतात. गुंड, गंज, कोपर, गंगाळ, परात. त्यांच्या काठाखाली बहुधा ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले नाव असते. ते नाव भांडे ज्याच्या मालकीचे त्याचे, किंवा लग्नात ज्याने आहेर केला त्याचे असते. क्वचित गावाचे नाव व तारीखही आढळते. ज्याने पत्रा ठोकला, काठ वळविला, डाग दिला, त्याचे नाव मात्र तेथे नसते. विहारातील समयांची व भोजनदानाच्या पातेल्यांची गोष्टही निराळी नाही. त्यांवर दात्याचे नाव असते, ज्यांच्या स्मरणार्थ दान दिले त्यांचे असते, कर्त्याचे नसते.

ही रीत आजची नाही. पश्चिम भारतातील लेण्यांतील शेकडो ब्राह्मी लेख वाचून पाहिले असता हेच प्रमाण आढळते. दात्यांची नावे, त्यांचे गाव, व्यवसाय, आईबाप, मुलेबाळे यांची नोंद आहे. परंतु पाषाण कोरणाऱ्या हातांची नावे बोटांवर मोजण्याइतकीच. म्हणून या मोजक्या नावांपैकी एक नाव धातुकाराचे असावे, ही बाब बौद्ध कलेच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा अशी आहे.

हे नाव पितळखोऱ्याचे आहे. सातमाळा डोंगरातील, कन्नड व चाळीसगाव यांच्या मधल्या दरीत असलेली ही लेणी इ. स. पू. दुसऱ्या शतकाइतकी जुनी आहेत. १९५० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तेथील पडझडीचा ढिगारा उपसला, आणि म. न. देशपांडे यांनी १९५९ साली 'एन्शंट इंडिया'च्या पंधराव्या अंकात त्याचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. या ढिगाऱ्यातून एक ठेंगणा, पोट सुटलेला, दोन्ही हात वर करून डोक्यावर पात्र तोलणारा हसरा यक्ष बाहेर आला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत एक छोटा लेख आहे : 'कनहदासेन हिरमकारेन कता'. अर्थ सरळ आहे. कृष्णदास नामक हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, केली.

येथे व्याकरणाकडे नीट पाहिले पाहिजे. दानलेखांत दात्याचे नाव प्रायः षष्ठीत येते व पुढे 'दान' किंवा 'देयधम' असा शब्द असतो; अमक्याचे दान, एवढाच त्याचा आशय. पितळखोऱ्याच्या लेखात नाव तृतीयेत आहे आणि त्यापुढे 'कता' आहे. दान या शब्दाचा मागमूस नाही. मथुरेजवळील परखम येथील प्रसिद्ध यक्षमूर्तीच्या लेखात दाते वेगळे सांगितले असून, कुणिकाचा अंतेवासी गोमितक याने ती घडविली असे तृतीयेतच म्हटले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे द्वारमुख धेनुकाकटचा वढकी, म्हणजे सुतार, सामी याने केले. तेथेही हीच रचना आहे. 'करविले' या अर्थी 'कारित' हे प्रयोजक रूप लेखकांना उपलब्ध होते, आणि ते वापरले गेलेले नाही. सोनाराने केवळ पैसा दिला असेल व मूर्ती दुसऱ्याने घडविली असेल, ही शंका सर्वस्वी फेटाळता येणार नाही. पण लेखाची भाषा तिच्या बाजूची नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते कनहदास हा कर्ताच होय.

मग सोनाराने दगड कोरला कसा? सांचीच्या दक्षिण तोरणावरील लेख याचे उत्तर सुचवितो. विदिशेच्या दंतकारांनी, हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी, तेथील रूपकर्म केले असे त्यात नमूद आहे. बारीक कामाची सवय असलेला हात हस्तिदंतावरून दगडाकडे वळू शकत होता, तर सोन्यावरूनही वळू शकत होता. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या कानातील व गळ्यातील अलंकार पाहावेत. ते घडविणाऱ्याने अलंकार केवळ पाहिलेले नव्हते, घडविलेले होते, असे म्हणण्याचा मोह होतो. हा पुरावा नव्हे, पण लेखाशी तो विसंगत नाही.

कोंडाणे येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ आणखी एक लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने केले, असे तो सांगतो. कण्ह आणि कनहदास ही एकच व्यक्ती मानून पितळखोऱ्याचा सोनार हा कोंडाण्याच्या शिल्पकाराचा गुरू ठरविण्याचा विचार मनात येतो. कल्पना आकर्षक आहे. पण कण्ह हे नाव त्या काळी दुर्मीळ नव्हते; नाशिकच्या लेखातील सातवाहन राजाचेही नाव कण्हच आहे. शिवाय कोंडाण्याच्या कण्हाचा व्यवसाय सांगितलेला नाही. नुसत्या नावसारखेपणावर गुरुशिष्यपरंपरा उभारू नये.

असा मोह किती महाग पडतो याचे उदाहरण पेशावरजवळील शाहजी-की-ढेरी येथे मिळते. १९०८-०९ मध्ये स्पूनर यांना तेथील स्तूपात तांब्याच्या मिश्रधातूचा अस्थिकरंडक सापडला. त्यावरील खरोष्ठी लेखात 'दास अगिसल नवकम्मिक' असे वाचले गेले आणि एका ग्रीक कारागिराचा, अगेसिलाओसचा, जन्म झाला! अनेक दशके कलेतिहासाच्या पुस्तकांत तो वावरला. गांधार कलेवर ग्रीकांचा हात होता, हे सिद्ध करण्यास त्याच्यासारखा साक्षीदार दुसरा कोणता? नंतर अभ्यासकांनी अक्षरे पुन्हा तपासली, आणि २००२ मध्ये हॅरी फाल्क यांनी शुद्ध केलेल्या वाचनात तो मनुष्यच नाहीसा झाला. 'अगिसल' म्हणजे अग्निशाला, विहारातील एक वास्तू. आणि लेखात नावे आहेत ती तिच्या नवकर्माची देखरेख करणाऱ्या महासेन व संघरक्षित यांची. ज्यांना कारागिरांचा शोध घ्यावयाचा आहे त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. आपल्याला हवे असलेले नाव दगडावर आपोआप दिसू लागते.

पालि वाङ्मयात धातुकाराला 'कम्मार' म्हणतात. हा शब्द लोहाराला लागतो आणि सोनारालाही. पावा येथील चुंद कम्मारपुत्ताने तथागतांना अखेरचे भोजन दिले हे सर्वांना ठाऊक आहे; अट्ठकथाकार मात्र त्याला सुवर्णकाराचा पुत्र म्हणतात, इकडे फारसे लक्ष जात नाही. या भोजनामुळे तथागतांचे परिनिर्वाण झाले असे चुंदाला कोणी म्हणेल व त्याला पश्चात्ताप होईल, हे ओळखून भगवंतांनी आनंदाला आधीच सांगून ठेवले की, संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन ही दोन्ही समान फलदायी आहेत, असे सांगून त्याची खंत दूर करावी. भट्टीपाशी राबणाऱ्या एका माणसाच्या मनाची ही काळजी महापरिनिब्बानसुत्तात नावानिशी नोंदली गेली आहे. थेरीगाथेत राजगृहाची सुभा कम्मारधीता आहे. महावग्गात एक मुंडन केलेला कम्मारपुत्र आईबापांशी भांडून आरामात येतो व प्रव्रज्या घेतो. ते शोधीत येतात, भिक्षूंना काहीच माहीत नसते, आणि त्यातून केस उतरविण्यापूर्वी संघाची अनुमती घेण्याचा नियम होतो.

सूचिजातक तर आपल्या विषयाला थेट भिडते. बोधिसत्त्व लोहाराच्या कुळात जन्मलेले. ते एक अप्रतिम सुई घडवितात, तिला एकात एक बसणारी सात आवरणे करतात, आणि लोहारांच्याच गावात जाऊन ती विकायला हाक देतात. लोहारांच्या गावात सुई विकणे हा वेडेपणाच. पण सुई ऐरण भेदते, आणि गावचा मुख्य लोहार घडविणाऱ्याची योग्यता ओळखून आपली कन्या त्याला देतो. सुईवर नाव नाही. जाणकारांच्या गावात त्याची गरजही नाही. मुद्रेची गरज लागते ती वस्तू जाणकारांच्या गावाबाहेर गेल्यावर.

महाराष्ट्रातील लेखांत इतर धातुकारही भेटतात, पण दाते म्हणून. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या कम्माराचाही लेख तेथे आहे. जुन्नरच्या एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या व कासाकारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवल्याची नोंद आहे; तिच्या व्याजातून संघाची सोय व्हावयाची होती. म्हणजे या श्रेणी ठेवी सांभाळण्याइतक्या पतवान होत्या. कांसकारापासून कासार, सुवर्णकारापासून सोनार, लोहकारापासून लोहार ही आपली नावे याच प्राकृतातून आलेली आहेत. हिरण्यकार हा शब्द मात्र मराठीत टिकला नाही. त्या काळी तो व्यवसाय होता. पुढे ही नावे जन्माने चिकटणाऱ्या जाती झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे असे दाखवून दिले. पितळखोऱ्याचा सोनार मूर्तिकार होऊ शकत होता, हा त्या विभागणीपूर्वीचा एक छोटा दगडी दाखला आहे असे म्हणता येईल.

आपल्या विदर्भाकडे वळले की, धातू भरपूर आणि नावे विरळ असे चित्र दिसते. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे महापाषाणकालीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा, गडचिरोलीत सुरजागड येथे लोहखनिजाचे डोंगर उभे आहेत. रामटेकजवळील हमलापुरी येथे वाकाटककालीन धातूच्या बुद्धमूर्ती सापडल्या. बऱ्हाणपूरजवळ फोफनार येथे १९६४ मध्ये सात मूर्ती निघाल्या. फोफनारच्या एका पीठावरील लेखातही दात्याचीच नोंद आहे. ओतकाम करणारा कोण, हे कोणी लिहिले नाही.

अपवाद वाकाटकांच्या ताम्रपटांचा. दुसऱ्या प्रवरसेनाचा पट्टण ताम्रपट कालिदास नामक माणसाने लिहिला आणि ईश्वरदत्त नावाच्या सोनाराने कोरला. हा कालिदास कवी की दुसरा, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. ईश्वरदत्ताच्या वाट्याला त्यातला थेंबही आला नाही. वस्तुतः अक्षराची पेटिका, छिन्नीचा कोन, ओळींतील अंतर यांवरून इतर ताम्रपटांत त्याचा हात शोधता येणे शक्य आहे.

वस्तू आपल्या ठिकाणाहून हलली की काय होते, तेही आपल्याच जिल्ह्याच्या संदर्भात दिसते. नागपूर संग्रहालयात भवदेव रणकेसरीचा शिलालेख आहे. सूर्यघोष राजाने बांधलेल्या बुद्धमंदिराच्या जीर्णोद्धाराची त्यात हकीकत आहे. कीलहॉर्न यांनी १९०५ मध्ये तो प्रसिद्ध केला. तो भांदक, म्हणजे भद्रावतीचा, असे दीर्घकाळ मानले गेले. पुढे मिराशी यांनी तो छत्तीसगडातील आरंगचा असल्याचे प्रतिपादिले. एका दगडाच्या प्रवासाची नोंद राहिली नाही म्हणून भद्रावतीच्या बौद्ध इतिहासाचे एक पान या राज्यातून त्या राज्यात गेले.

वर्धा-प्राणहितेच्या पलीकडे आदिलाबादचे ओझा कारागीर गोंडांच्या देवतांसाठी मेणाच्या साच्यातून पितळ ओततात. या कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळायचे, वरून मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या जागी धातू. साचा दर वेळी फुटतो, म्हणून एकासारखी दुसरी वस्तू होत नाही. धाग्याची जाडी, वळण, जोड लपविण्याची तऱ्हा यांतच कर्त्याची खूण राहते. पुण्याच्या तांबटांच्या मठारकामातही तेच : ठोक्यांची रांग हेच हस्ताक्षर.

स्टील व अ‍ॅल्युमिनियम आल्यापासून पितळ मोडीत जात आहे. मोडीवाला भांडे वजनाने घेतो. काठावरील नाव त्याच्या तराजूत मोजले जात नाही. चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली. त्यानंतरच्या वर्षांत आपल्या विहारांना मिळालेल्या भांड्यांवरील नावे व तारखा ही त्या पिढीची लेखमालाच आहे. भांडे मोडीत देण्यापूर्वी कोरलेल्या भागावर पातळ कागद धरून शिसपेन्सिलीने घासावे, ठसा उमटतो. त्याच कागदावर भांड्याचा प्रकार, वजन, तळाच्या व काठाच्या जोडाची पद्धत, आणि ते कोणत्या बाजारातून, भंडाऱ्याच्या की आणखी कुठल्या, आणले होते हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. ठोक्यांचा फोटो तिरप्या उजेडात घ्यावा, सरळ उजेडात ते दिसत नाहीत.