परसाविना परसबाग

'परसबाग' हा मराठी शब्द घर गृहीत धरतो. बाग परसात, आणि परस घराच्या मागे. स्वतःच्या परसाला पारखी असलेली शहरी माणसे दुसऱ्याच्या जमिनीवर भाजीपाला पिकवतील आणि त्याचा खर्च समाज उचलेल, ही कल्पना अमेरिकेत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिचा इतिहास पाहताना एक प्रश्न वारंवार पुढे येतो. पैसा बियाण्यासाठी दिला गेला की जमिनीसाठी?

१८९३ च्या आर्थिक अरिष्टात डेट्रॉइटमधील हजारो कामगार बेकार झाले. त्यांत पोलिश व जर्मन स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. महापौर हेझन पिंग्री हा मूळचा जोड्यांचा कारखानदार. शहरात मोकळ्या पडून असलेल्या जागा गरिबांना बटाटे लावण्यासाठी द्याव्यात, असे त्याने १८९४ मध्ये सुचवले. वर्तमानपत्रांनी टवाळी केली, प्रार्थनामंदिरांकडून वर्गणी जेमतेमच आली. अखेर पिंग्रीने स्वतःचा घोडा लिलावात विकला. त्या वर्षी सुमारे ४३० एकरांवर नऊशेहून अधिक कुटुंबांनी लागवड केली. खर्च सुमारे ३,६०० डॉलर आला आणि पीक त्याच्या तिपटीहून अधिक किमतीचे निघाले. टवाळी थांबली, अन्य शहरांनी अनुकरण केले. परंतु जमीन मालकांकडून उसनी घेतलेली होती. तिला भाव येताच ती परत जाणार, हे योजनेतच अनुस्यूत होते.

पुढील काळात या बागांची नावे बदलत गेली, आणि ती नावे वाचण्यासारखी आहेत. पहिल्या महायुद्धात 'स्वातंत्र्याची बाग', १९३० च्या दशकातील मंदीत 'साहाय्याची बाग', दुसऱ्या महायुद्धात 'विजयाची बाग'. यांतील प्रत्येक नाव एखाद्या संकटाशी बांधलेले आहे. १९४३ मध्ये अशा बागांची संख्या सुमारे दोन कोटी असल्याचा अंदाज होता. युद्ध संपताच सरकारचा उत्साह ओसरला. संकटाच्या नावाने आलेला पैसा संकटाबरोबर परत जातो, असेच म्हणावे लागते.

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील घरमालकांनी सोडून दिलेल्या, जळक्या इमारतींच्या जागी रहिवाशांनी स्वतःहून बागा उभारल्या. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या सहकाऱ्यांनी बोवरी भागातील एक ओसाड भूखंड साफ केला. पुढच्या वर्षी नगरपालिकेने तो महिना एक डॉलर भाड्याने दिला. १९७७ मध्ये केंद्रीय कृषिखात्याने सहा महानगरांत १५ लाख डॉलरचा नागरी बागकाम कार्यक्रम सुरू केला. हा निधी मुख्यतः शिक्षण आणि सल्ला यांसाठी होता. माती कशी तपासावी हे त्यातून शिकता येई, पण ती माती उद्या कोणाची असेल याचे उत्तर त्यात नव्हते. १९९३ मध्ये तोही बंद झाला.

या प्रश्नाचे उत्तर १९९९ मध्ये द्यावेच लागले. न्यूयॉर्कचे महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी शंभराहून अधिक बागांच्या जमिनी लिलावात काढल्या. शहराला घरांची गरज आहे, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. तथापि लिलावात जमीन सर्वाधिक बोली लावणाऱ्याला मिळते, आणि तो तिथे गरिबांसाठीच घरे बांधील याची हमी कोणी देत नाही. लिलावाच्या तोंडावर दोन सेवाभावी संस्थांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलरला त्या जमिनी विकत घेतल्या. शहराच्या मालकीच्या अन्य शेकडो बागांना संरक्षण मिळाले ते २००२ च्या समझोत्याने, आणि तेव्हाही काही बागा घरबांधणीसाठी सोडाव्या लागल्या.

अशा बागा सबंध शहराचे पोट भरू शकत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. ताजी भाजी जिथे मिळत नाही वा परवडत नाही, अशा वस्त्यांत मात्र दारापाशीच्या एका वाफ्याचे मोल वेगळे असते. तो वाफा तयार व्हायला कित्येक हंगाम लागतात. राडारोडा उपसावा लागतो, खत जिरवावे लागते, शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास बसावा लागतो. अनुदान एका वर्षाचे आणि भाडेकरार केव्हाही रद्द होणारा असेल, तर हे श्रम शेवटी जमिनीच्या मालकाच्या पदरात पडतात. म्हणून यापुढे अशा एखाद्या योजनेची घोषणा ऐकताना रकमेच्या आकड्याआधी जमिनीच्या कराराची मुदत विचारावी.